रॉ आणि स्मॅकडाउन बघायला नव्याने बसताय? मग हे आधी वाचा

मराठवाड्यात कुस्ती कशी बघावी हे कुणी कुणाला शिकवत बसत नाही. माळेगावच्या यात्रेत, लातूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत किंवा गावच्याच उरुसात बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर नारळावरच्या कुस्त्या बघता बघता डाव ओळखायला लागतं. रॉ आणि स्मॅकडाउन हे डब्ल्यूडब्ल्यूई या कंपनीचे दर आठवड्याचे कार्यक्रम; टीव्हीवरच्या या अमेरिकन रेसलिंगचं तसं होत नाही. नवा माणूस तिथे बहुतेक वेळा मध्येच शिरतो. एकाने दुसऱ्याच्या पाठीत खुर्ची घातलेली असते, का घातली ते कळत नाही आणि शेजारचे काका म्हणतात, "सगळं ठरलेलं अस्तंय ते, बंद कर." यावर काहीजण खरंच बंद करतात, काहीजण काकांशी भांडत बसतात. दोघांसाठीही हे लिहितोय.

पहिली पायरी : काकांशी भांडू नका, त्यांचं बरोबर आहे

१९८९ साली व्हिन्स मॅकमहन यांच्या कंपनीनेच, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईनेच, न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे सांगून टाकलं की आमचा हा प्रकार क्रीडास्पर्धा नाही, करमणूक आहे. त्यामागे व्यवहार होता. खेळ म्हटला की सरकारी आयोगाची देखरेख आली आणि कर आला. तेव्हा निकाल ठरलेला असतो हे गुपित फुटून आता जमाना झाला. कोण जिंकणार आणि शेवट कसा होणार हे आधी ठरतं, मधलं बरंचसं दोघं रिंगमध्येच एकमेकांच्या कानात कुजबुजून ठरवतात.

पडणं मात्र खरं असतं. रिंगच्या कॅनव्हासखाली पातळ फोम असतो, त्याखाली फळ्या आणि त्याखाली लोखंडी चौकट. आपल्या तालमीतल्या मातीत ताक, तेल, हळद घालून ती मऊ राखलेली असते. इथे तशी सोय नाही. गुंथर नावाचा ऑस्ट्रियाचा पैलवान समोरच्याच्या छातीवर उघड्या तळहाताने असा हाणतो की छाती लालभडक होते. ती लाली काही मेकअपची नसते.

म्हणून "कोण जिंकणार?" हा प्रश्न मनातून काढून टाका. माझं सांगणं एकच आहे आणि पुढे ते पुन्हा पुन्हा येईल : हरणाऱ्याकडे बघा. जिंकणाऱ्याला कॅमेरा आपोआप सापडतो. मॅच चांगली झाली की वाईट, हे ठरतं ते मार खाणाऱ्यावर.

दुसरी पायरी : वेळ समजून घ्या

रॉ ११ जानेवारी १९९३ ला सुरू झाला आणि तो अमेरिकेत सोमवारी रात्री होतो, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी पहाटे. स्मॅकडाउन १९९९ पासूनचा. सध्या तो तिकडे शुक्रवारी रात्री असतो, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे. तिकडचे आठ म्हणजे आपले साडेपाच. पण अमेरिकेत हिवाळ्यात घड्याळ तासभर मागे घेतात, त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारापर्यंत साडेसहा धरायचे. नवीन माणसाला ही गोष्ट कुणी सांगत नाही आणि तो नोव्हेंबरात तासभर रिकाम्या पडद्याकडे बघत बसतो.

टेन स्पोर्ट्स आणि मग सोनी हा काळ आता संपला. एप्रिल २०२५ पासून भारतात हे सगळं नेटफ्लिक्सवर आहे. डिश-केबलवर शोधत बसू नका. पहाटे उठायचीही गरज नाही, संध्याकाळी बघितलं तरी चालतं. अडचण निकाल आधीच कळण्याची आहे. यूट्यूबवरच्या छोट्या चित्रांतच कोण विजेतेपदाचा पट्टा घेऊन उभा आहे ते दिसतं आणि व्हॉट्सॲपवर एखादा अतिउत्साही मित्र असतोच. मंगळवारी संध्याकाळपर्यंत मोबाइलपासून जमेल तेवढं लांब राहा.

निकाल फोडून दुसऱ्याचा धंदा बसवायचा प्रयत्नही झालेला आहे. ४ जानेवारी १९९९ च्या रॉचं चित्रीकरण आधीच झालं होतं. त्यात मॅनकाइंड, म्हणजे मिक फोली, द रॉकला हरवून पहिल्यांदा विजेता होणार होता. त्याच वेळी दुसऱ्या चॅनेलवर डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीचा नायट्रो लागायचा. तिथल्या समालोचकाने वरून आलेल्या हुकुमाप्रमाणे हे थेट कार्यक्रमात सांगून टाकलं, वर टोमणाही मारला. झालं उलटंच. लाखो लोकांनी चॅनेल बदललं आणि मॅनकाइंडला जिंकताना बघायला रॉ लावला. निकाल माहीत असूनही लोक गेले. या खेळातली गंमत कशात आहे ते यावरून कळावं.

तिसरी पायरी : नियम, थोडक्यात

आपल्या कुस्तीत पाठ टेकली की चितपट. इथे दोन्ही खांदे टेकवून रेफरीने तीन मोजावे लागतात, त्याला पिन म्हणतात. दोन मोजल्यावर खांदा उचलला तर त्याला किकआउट म्हणतात. पकडीत सापडलेल्याने हाताने थाप मारली म्हणजे टॅप केलं, हरला. रिंगबाहेर दहा मोजेपर्यंत राहिला तर हरला. दोरीला हात-पाय लागला की पकड सोडावी लागते, त्यासाठी पाचपर्यंत मुभा. बाहेरच्याने येऊन मारलं किंवा शस्त्र वापरलं तर डिसक्वालिफिकेशन, पण त्यात पट्टा हातचा जात नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण पट्टेवाले व्हिलन याच नियमावर जगतात.

रेफरीला कमी लेखू नका. त्याच्या कानात यंत्र असतं. वेळ किती उरला, काय बदललं, हे निरोप तोच दोघांपर्यंत पोचवतो. त्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीसारखे धरले तर कुणाला तरी खरोखर लागलंय असं समजा. कधी कधी तीही खूण कथेसाठी वापरतात, पण बहुतेक वेळा ती खरी असते.

चौथी पायरी : कोण कुठल्या बाजूचा ते ओळखा

चांगला तो बेबीफेस, वाईट तो हील. आपल्याकडे हिरो-व्हिलन म्हटलं तरी भागतं. पहिले दोन-तीन आठवडे फक्त एवढंच करा : कोण रेफरीची पाठ फिरण्याची वाट बघतो, कोण दोरीला पाय लावून पिन करतो, कोण मार पडायला लागला की रिंगबाहेर पळतो. तो हील. नावं पाठ करायची गरज नाही.

मग माइकवरचं बोलणं ऐका. त्याला प्रोमो म्हणतात. नवे लोक हा भाग पुढे ढकलतात आणि मग मॅचमध्ये रस वाटत नाही म्हणून तक्रार करतात. २७ जून २०११ च्या रॉमध्ये सीएम पंक प्रवेशाच्या स्टेजवर मांडी घालून बसला आणि कंपनी, मालक, जॉन सिना, सगळ्यांची सालटी काढली. मग त्याचा माइक बंद पडला, म्हणजे तसं दाखवलं. इंग्रजी अर्धंमुर्धं कळणाऱ्यालाही त्याच्या चेहऱ्यावरून राग पोचतो. त्यानंतरची सिनाबरोबरची मॅच त्या बोलण्यामुळेच मोठी झाली.

बाजू बदलणं म्हणजे टर्न. चांगला टर्न एका रात्रीत होत नाही. सामी झेन महिनोनमहिने रोमन रेन्सच्या घराण्यात मान मिळवायला धडपडत होता. २०२३ च्या रॉयल रंबल या मोठ्या कार्यक्रमात रोमनने त्याच्या हातात खुर्ची दिली आणि त्याच्याच जुन्या मित्राला मारायला सांगितलं. सामीने ती खुर्ची रोमनच्या पाठीत घातली. हा प्रसंग तेवढाच क्लिपमध्ये बघितला तर एक माणूस दुसऱ्याला खुर्ची मारतो, एवढंच दिसेल. आधीचे आठवडे बघितलेला माणूस उठून उभा राहिला असेल. म्हणून नव्या माणसाला माझं कळकळीचं सांगणं आहे : रील्सवर रेसलिंग शिकू नका.

(आपल्याकडच्या दंतकथांचाही इथेच निकाल लावू. अंडरटेकर सात वेळा मरून परत आला, ही ट्रम्प कार्डांच्या काळातली गोष्ट सोडून द्या. आणि १९९६ च्या त्या हिंदी सिनेमात अक्षय कुमारने ज्याला उचललं तो अंडरटेकर नव्हता, तो ब्रायन ली होता. गंमत म्हणजे १९९४ च्या समरस्लॅम या मोठ्या कार्यक्रमात जो नकली अंडरटेकर खऱ्याशी लढला, तोही हाच ब्रायन ली.)

पाचवी पायरी : मॅच वाचायला शिका

सुरुवात टॅग टीम मॅचने, म्हणजे जोड्यांच्या मॅचने करा, कारण तिची बांधणी उघडी दिसते. जोडीतला एकच आत लढतो आणि हाताला हात लावून जोडीदाराला आत घेतो. आधी चांगली जोडी वरचढ असते. मग व्हिलन फसवून एकाला आपल्या कोपऱ्यात ओढतात आणि तिथेच कोंडतात. जाहिरातीचा ब्रेक बहुधा याच वेळी येतो. ब्रेकआधी व्हिलनची सरशी झाली म्हणजे मॅच अजून बरीच बाकी आहे असं समजा. कोंडलेला माणूस सरपटत जोडीदाराच्या हाताकडे येतो, बोटं लागता लागता राहतात, पुन्हा मागे ओढला जातो. एकदा तर हात लागतो, पण रेफरीने पाहिलेलं नसतं, म्हणून तो मान्य होत नाही. आणि मग खरा हात लागतो. त्याला हॉट टॅग म्हणतात. ताज्या दमाचा माणूस आत येऊन दोघांनाही झोडतो आणि प्रेक्षक उठतात.

आता इथे बघायचं कुणाकडे? आत येऊन झोडणाऱ्याकडे सगळे बघतात. तुम्ही त्या आधी मार खाणाऱ्याकडे बघा. त्याने पाय दुखतोय असं दाखवलं असेल, तर हॉट टॅगनंतरही तो लंगडतोय का? की कॅमेरा हलला की टुणटुणीत? याला सेल करणं म्हणतात. मी कुठल्याही रेसलरला मार्क द्यायला बसलो, तर उड्यांना कमी आणि सेल करण्याला जास्त देतो. गुडघ्यावर दहा मिनिटं मार खाऊन शेवटी त्याच पायावर धावत जाऊन उडी मारणारा माझ्या लेखी नापास, मग प्रेक्षक कितीही ओरडोत.

साप्ताहिक कार्यक्रमात हरणाऱ्याची किंमत काय असते, याचं जुनं उदाहरण १७ मे १९९३ चं आहे. रेझर रॅमन हा तेव्हाचा मोठा गडी. समोर एक काटकुळा पोरगा, याआधी नाव बदलबदलून हरत आलेला. पोराने दोरीवरून उलटी उडी मारून त्याला तीन मोजेपर्यंत दाबलं. पुढे त्याचं नावच वन-टू-थ्री किड पडलं. पोराच्या उडीइतकंच श्रेय रेझरच्या चेहऱ्याला आहे. विश्वास न बसल्यासारखा तो बघत राहिला, म्हणून आपल्यालाही ते मोठं वाटलं. त्याने हसण्यावारी नेलं असतं तर पोरगा दुसऱ्या आठवड्यात विसरला गेला असता.

कधी ठरवलेलं मोडून काहीतरी वेगळंच हाती लागतं. १२ नोव्हेंबर २०१८ च्या रॉमधल्या गोंधळात नाया जॅक्सचा ठोसा बेकी लिंचला खरोखर बसला. नाक फुटलं, तोंडभर रक्त. बेकी मागे हटली नाही. प्रेक्षकांत हात पसरून उभी राहिली. ते एक चित्र तिला पुढे घेऊन गेलं आणि २०१९ च्या रेसलमेनियात, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात, बायकांची मॅच पहिल्यांदाच शेवटची, मानाची ठरली. घरातल्या पोरींना रेसलिंग दाखवायचं असेल तर तिच्यापासून दाखवा.

तालमीतला माणूस शेजारी बसवायचा असेल तर

मराठवाड्यात ही अडचण येतेच. महाराष्ट्र केसरीचा पहिला मान १९६१ साली औरंगाबादेत ठरला. रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांचं नाव लातूरकडे अजून आदराने घेतात, आणि बीडच्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य आणलं. अशा मुलखातल्या पैलवानाला तुम्ही मास्क घातलेला माणूस दोरीवरून उडताना दाखवलात, तर तो उठून चहा प्यायला जाईल, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

त्याला कर्ट अँगल दाखवा. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमधला कुस्तीचा सुवर्णपदकवाला, मग या धंद्यात आला. ब्रॉक लेसनर दाखवा, तो अमेरिकन कॉलेज कुस्तीचा विजेता. त्याचा दुहेरी पट बघून कुठलाही वस्ताद मान हलवेल. चॅड गेबल २०१२ च्या ऑलिम्पिकमध्ये ग्रीको-रोमन खेळलेला आहे. जॉन सिनाचा मॅच संपवायचा ठरलेला डाव लागला की पैलवान स्वतःच म्हणेल, "आरं, ही तर कलाजंगाची उचल!" उचल तीच आहे, फक्त आपटताना समोरच्याने अंग कसं द्यायचं ते ठरलेलं असतं. असा माणूस शेजारी असला की पडण्याच्या आणि तोलाच्या बारीक गोष्टी कळतात, त्या समालोचक कधीच सांगत नाही.

सहावी पायरी : आठवड्याच्या मॅचचे शेवट, आणि माझी कटकट

साप्ताहिक मॅचचा सगळ्यात कंटाळवाणा शेवट असा : एकजण जिंकायला आलेला असतो, तेवढ्यात स्टेजवर तिसऱ्याचं गाणं वाजतं, हा वळून बघतो आणि मागून गुंडाळला जातो. तीन. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. लेखकांची अडचण मी समजू शकतो. दोघांनाही मोठ्या कार्यक्रमासाठी जपायचं असतं, कुणीच स्वच्छ हरता कामा नये. पण दरवेळी गाणं ऐकून वळून बघणारा माणूस काही दिवसांनी मूर्ख दिसायला लागतो.

जिंदर महल हे याचं आपल्याला जवळचं उदाहरण. कॅलगरीत जन्मलेला हा पंजाबी गडी मे २०१७ मध्ये रँडी ऑर्टनला हरवून विजेता झाला. २००७ ला खलीने पट्टा घेतला तेव्हासारखाच आपल्याकडे आनंद. पण जवळजवळ प्रत्येक मॅचमध्ये त्याचे साथीदार सिंग बंधू मध्ये पडायचे आणि जिंदर जिंकायचा. जिंदरपेक्षा दोष लेखनाचा. त्याच्या हातून पट्टा गेला तो मोठ्या कार्यक्रमात नाही, तर ७ नोव्हेंबर २०१७ ला मँचेस्टरच्या साध्या स्मॅकडाउनमध्ये, एजे स्टाइल्सकडे. ती मॅच शोधून बघा आणि हरणाऱ्याकडेच बघा. माझ्या मते जिंदरच्या चांगल्या मॅचेसपैकी ती एक.

आठवड्याची मॅच किती मोठी होऊ शकते ते बघायचं असेल तर २३ एप्रिल २००७ चा लंडनचा रॉ. जॉन सिना आणि शॉन मायकल्स जवळजवळ तासभर लढले. तीन आठवड्यांपूर्वी रेसलमेनियात सिना जिंकला होता, इथे मायकल्स जिंकला. पण ही नव्या माणसाने पहिल्याच दिवशी बघू नये. दम आणि थकवा ओळखता यायला लागला की बघावी.

सातवी पायरी : काय गाळायचं

रॉ २०१२ मध्ये तीन तासांचा झाला, आणि तो निर्णय मला आजही पटत नाही. जाहिराती, गेल्या आठवड्याची उजळणी, दहा मिनिटांपूर्वीच्याच प्रसंगाची उजळणी, रिंगकडे चालत येणं, सगळं पुढे ढकला. पहिला प्रोमो, बायकांची एक मॅच, एक टॅग मॅच आणि शेवटची मॅच एवढं बघितलं तरी पुष्कळ. एखादी कथा सलग तीन आठवडे जागची हलत नसेल तर सोडून द्या. महिन्याने परत आलात तरी ती तिथेच सापडेल.

घरात लहान पोरं असतील तर एकच नियम : गादीवरसुद्धा नक्कल नाही. मानेवर पाडायचे डाव तर अजिबात नाहीत. रिंगमधले लोक पडायलाच वर्षानुवर्षं शिकतात आणि तरी त्यांच्या माना मोडतात.

आठवी पायरी : सुरुवात जानेवारीत करा

वर्षातला कुठलाही मंगळवार चालेल, पण जानेवारी सगळ्यात सोपा. महिनाअखेरीच्या सुमारास रॉयल रंबल येते. तीसजण ठरावीक अंतराने एकेक करून आत येतात. वरच्या दोरीवरून बाहेर जाऊन दोन्ही पाय जमिनीला लागले की बाद. उरलेला एकजण रेसलमेनियात पट्ट्यासाठी लढतो. एका मॅचमध्ये सगळे चेहरे, सगळी भांडणं, कोण कुणाच्या जिवावर उठलाय ते दिसून जातं आणि पुढचे दोन-तीन महिने साप्ताहिक कार्यक्रम त्याच धाग्यावर चालतो.

रंबल एकट्याने बघू नका. ती अमेरिकेत शनिवारी रात्री झाली तर आपल्याकडे रविवारची सकाळ येते; २०२६ सारखी रियाधला झाली तर वेळ आधी तपासून घ्या. एक ते तीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करा, जमलेल्यांनी वाटून उचलायच्या. ज्याच्या आकड्यावर जो आत येईल तो त्याचा पैलवान. नाव माहीत नसलेल्या गड्यासाठीही माणूस असा ओरडायला लागतो. पैसे लावायचे नाहीत. ज्याचा माणूस सगळ्यात आधी बाहेर फेकला जाईल त्याने सगळ्यांना सुशीला आणि चहा करून घालायचा, आणि त्यासाठी मुरमुरे आदल्या रात्रीच आणून ठेवायचे, कारण पहिला गडी दोन मिनिटांतसुद्धा बाहेर जातो.